शुगर उतरली, रक्तवाहिन्यांचं काय?

इन्सुलिन येण्याआधी लहान वयात मधुमेह जडलेला रुग्ण रक्तवाहिन्या खराब होण्याइतका जगतच नसे. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन सापडलं, १९२२ च्या जानेवारीत ते एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचलं गेलं आणि मरणाच्या दारातली मुलं उठून चालू लागली. पंधरा-वीस वर्षांनी अशाच रुग्णांचे डोळे जाऊ लागले, मूत्रपिंडं बसू लागली. १९३६ मध्ये किमेलस्टील आणि विल्सन यांनी मधुमेही रुग्णांच्या मूत्रपिंडातल्या केशवाहिन्यांच्या गुच्छांत साचलेल्या गाठी दाखवल्या. १९५४ मध्ये डेन्मार्कच्या क्नूड लुंडबेक यांनी मांडलं की डोळा, मूत्रपिंड, पाय हे वेगवेगळे आजार मानू नयेत. मधुमेहाचा स्वतःचा असा रक्तवाहिन्यांचा एकच आजार आहे आणि तो ठिकठिकाणी उमटतो. गेल्या सत्तर वर्षांतलं या विषयावरचं सगळं संशोधन या एका विधानाच्या मागे चाललं आहे.

या संशोधनाचा आढावा मी पांढुर्णा आणि सौंसर डोळ्यांपुढे ठेवून घेतो आहे. हा मध्य प्रदेशातला मराठी मुलूख. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून हे तालुके काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. संत्री, कापूस, तूर ही पिकं. बोली, सोयरीक आणि बाजारहाट विदर्भाशी. आजार वाढला की गाडी नागपूरकडेच वळते, ‘मेडिकल’ला, मेयोला किंवा आता मिहानमधल्या एम्सला. थोडक्यात, आजाराची सुरुवात एका राज्यात होते आणि शेवटचा उपचार दुसऱ्या राज्यात. या गोष्टीचा संशोधनाशी काय संबंध, ते पुढे येईल.

आधी नुकसान कसं होतं ते पाहू. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, त्याने वाहिनी सैल पडते आणि रक्त अडखळत नाही. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. स्नायूची पेशी इन्सुलिनच्या परवानगीशिवाय फारशी साखर आत घेत नाही. अस्तराच्या पेशीला ती सोय नाही. रक्तात साखर वाढली की तिच्या आतही वाढते, तिला दार लावून घेता येत नाही. सगळ्या शरीरात साखर जास्त असताना नुकसान डोळ्याच्या पडद्यात, मूत्रपिंडात, मज्जातंतूंत आणि वाहिन्यांतच का दिसतं, याचं मोठं उत्तर इथे आहे.

आत शिरलेल्या जास्तीच्या साखरेचं काय होतं, यावर एकेका प्रयोगशाळेने एकेक वाट शोधली होती. सॉर्बिटॉलची वाट, प्रथिनांना साखर चिकटण्याची वाट, प्रोटीन कायनेज सीची वाट, हेक्सोसामाइनची वाट. न्यूयॉर्कच्या मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये या चारही वाटा एका उगमाशी नेऊन जोडल्या. पेशीतली मायटोकॉन्ड्रिया जास्तीची साखर जाळताना सुपरऑक्साइड हा जहाल रेणू सोडतात. त्याने साखर पचवण्याच्या साखळीतला एक टप्पा तुंबतो आणि तुंबलेला माल या चार वाटांनी फुटतो. मांडणी इतकी नेटकी होती की आता औषध हाताशी आलं, असं अनेकांना वाटलं.

ते आलं नाही, आणि त्याबद्दल मराठीत फारसं लिहिलं जात नाही म्हणून इथे थोडं थांबतो. सॉर्बिटॉलची वाट अडवणाऱ्या सॉर्बिनिलची चाचणी १९९० मध्ये डोळ्यांच्या बाबतीत फसली. त्याच जातीचं एपालरेस्टॅट जपानात आणि आपल्याकडे पायांच्या मुंग्यांसाठी दिलं जातं, पण रक्तवाहिन्या वाचवल्याचा दावा त्यालाही करता आला नाही. साखर प्रथिनांना चिकटू नये म्हणून आणलेलं अमिनोग्वानिडिन मागे पडलं. प्रोटीन कायनेज सी अडवणाऱ्या रुबॉक्सिस्टॉरिनला अमेरिकेत मान्यता मिळाली नाही. जहाल रेणू शांत करायला ई जीवनसत्त्व द्यावं, तर २००० च्या ‘होप’ चाचणीत हृदयाला काडीचा फायदा दिसला नाही. बार्डोक्सोलोनची मूत्रपिंडाची चाचणी तर २०१२ मध्ये हृदय निकामी होण्याचं प्रमाण वाढल्यामुळे थांबवावी लागली. पुस्तकात बरोबर असलेली वाट माणसाच्या शरीरात अडवली की काहीच का घडत नाही, हा माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे. आजच्या पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर करारावर काम करणाऱ्या, संशोधकांच्या हातातलं बरंचसं काम याच प्रश्नातून निघालं आहे.

उत्तराचा एक धागा मोठ्या रुग्णचाचण्यांतून मिळाला. १९९३ मध्ये संपलेल्या डीसीसीटी चाचणीत पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे १,४४१ रुग्ण होते. ज्यांची साखर सरासरी साडेसहा वर्षं काटेकोर ठेवली, त्यांच्यात डोळ्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली. तरीही पुढची कित्येक वर्षं आधी काटेकोर राहिलेल्यांच्या वाहिन्या सुस्थितीत राहिल्या आणि सैल राहिलेल्यांच्या बिघडत गेल्या. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासाने १९९८ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये हेच दाखवलं. सुरुवातीच्या वर्षांतली साखर वाहिन्या विसरत नाहीत. उलट बाजूने २००८ च्या ‘अकॉर्ड’ चाचणीत, आजार जुना झालेल्या दहा हजारांवर रुग्णांपैकी ज्यांची साखर फार खाली ओढली गेली, त्या गटात मृत्यू वाढले. उशिरा केलेली घाई सुरुवातीची ढिलाई भरून काढत नाही.

ही आठवण पेशीत कुठे राहते? २००८ मध्ये मेलबर्नच्या असम एल-ओस्टा यांच्या गटाने माणसाच्या वाहिनीच्या अस्तरातल्या पेशी फक्त १६ तास जास्त साखरेत ठेवल्या आणि मग सहा दिवस नेहमीच्या साखरेत. दाह पेटवणाऱ्या एका जनुकाजवळ बसलेली रासायनिक खूण सहा दिवसांनंतरही पुसली गेली नव्हती. नागपूरला गेल्यावर औषध चालू करायचं आणि गावी परतल्यावर ‘आता शुगर नॉर्मल आहे’ म्हणून सोडून द्यायचं, असं वर्षानुवर्षं करणाऱ्या रुग्णाच्या वाहिन्यांत काय चाललेलं असतं, ते या प्रयोगातून दिसतं. असे रुग्ण या पट्ट्यात घराघरांत आहेत.

पुढचा टप्पा एका पोस्टडॉकच्या नावावर आहे. पीएचडी झालेली आणि कायमची नोकरी अजून न मिळालेली माणसं दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत करारावर काम करतात, तेव्हा प्रत्यक्ष हात त्यांचेच चाललेले असतात. व्हिएन्नाच्या आयएमबीए संस्थेत योझेफ पेनिंगर यांच्याकडे असलेल्या राइनर विमर यांनी मूळपेशींपासून माणसाच्या रक्तवाहिन्यांचे छोटे गोळे वाढवले आणि २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्या गोळ्यांत अस्तराच्या पेशी होत्या, त्यांना बाहेरून धरून ठेवणारे पेरिसाइट होते आणि दोहोंमधलं आधारपटलही होतं. जास्त साखर आणि दाह वाढवणारे दोन रेणू घातल्यावर ते पटल जाड झालं, अगदी मधुमेही रुग्णाच्या त्वचेत दिसतं तसं. गोळे उंदरात बसवले तेव्हा ते उंदराच्या रक्ताभिसरणाशी जुळले. नॉच नावाच्या संदेशमार्गातला एक दुवा अडवल्यावर पटल जाड होणं थांबलं. पेरिसाइट गळतात हे १९६१ मध्ये कोगन आणि कुवाबारा यांनी डोळ्याच्या पडद्यात पाहिलं होतं, पण ते मेलेल्या माणसाच्या पडद्यात. आता माणसाच्याच पेशींत, घडत असताना ते पाहता येऊ लागलं. यातून लगेच गोळी निघालेली नाही. उंदरात चाललं आणि माणसात फसलं, ही जुनी खोट दूर करण्याचं साधन मात्र मिळालं.

उपयोगी औषधं दरम्यान दुसऱ्याच दाराने आली. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या एसजीएलटी-टू गटातल्या गोळ्यांनी मूत्रपिंडाच्या गुच्छांवरचा दाब उतरतो, हे कळलं. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनने हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी केले, २०२० मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनने मूत्रपिंडं सावरली. भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये संपलं आणि किमती झपाट्याने उतरल्या. चरबीसाठीच्या जुन्या, स्वस्त फेनोफायब्रेटने डोळ्याच्या पडद्याचा बिघाड मंदावतो, हे २००५ च्या ‘फील्ड’ अभ्यासात दिसलं होतं आणि २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या चाचणीने पक्कं केलं. रक्तदाबाच्या गोळ्यांचं श्रेय तर कायम कमी सांगितलं जातं. वाहिन्यांच्या दृष्टीने रक्तदाब साखरेइतकाच महत्त्वाचा आहे, आणि गावात मशीन असूनही तो मोजला जात नाही तेव्हा मला वाईट वाटतं.

आता आपल्या शरीरांकडे येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवती स्त्रिया आणि त्यांची मुलं यांच्यावर अभ्यास चालवला. बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्रज बाळांपेक्षा पुष्कळ हलकी. पण बारीक दिसणाऱ्या या बाळांत स्नायू कमी आणि चरबीचा वाटा जास्त होता. ही मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर सामान्य मर्यादेबाहेर होती, तीही अंगाने सडसडीत असताना. लठ्ठपणा पाहून मधुमेह शोधण्याची पाश्चात्त्य सवय इथे उपयोगाची नाही. शेतावर राबणाऱ्या, पोट न सुटलेल्या माणसाला ‘तुला कशाला शुगर होते’ म्हणून परत पाठवलं जातं आणि दहा वर्षांनी त्याच्या वाहिन्या बोलतात.

याच अभ्यासात दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी आढळलं. बी-१२ कमी पडलं की होमोसिस्टीन वाढतं आणि होमोसिस्टीन वाहिनीच्या अस्तराला त्रास देतं. मग सरसकट भरपूर जीवनसत्त्व द्यावं का? २०१० मध्ये मूत्रपिंड बिघडलेल्या मधुमेहींवर झालेल्या कॅनडातल्या चाचणीत बी गटातल्या जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेने मूत्रपिंडं आणखी बिघडली, हृदय आणि मेंदूचे झटके वाढले. कमतरता भरणं वेगळं आणि मारा करणं वेगळं. मेटफॉर्मिनमुळेही बी-१२ उतरतं. त्यामुळे शाकाहारी घरातल्या रुग्णाच्या तळपायाची बधिरता साखरेची की बी-१२ ची, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. पुण्यातच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या सरोज घासकडबी आणि आयसरचे प्रणय गोयल यांच्या गटाने ग्लुटाथायोनची रुग्णचाचणी केली, ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. वयस्क रुग्णांत ऑक्सिडेशनचं नुकसान घटल्याचं त्यांना दिसलं. वाहिन्या वाचल्या असं म्हणायला याहून लांबचा पाठपुरावा लागेल, पण ही वाट आपल्याच माणसांवर तपासली गेली, याचं मोल मोठं आहे.

पांढुर्णा-सौंसरसाठी मला सगळ्यांत निकडीचा वाटतो तो प्रश्न मात्र एका साध्या रिपोर्टचा आहे. ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणून लोक ओळखतात ती एचबीएवनसी तपासणी लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, असं ती गृहीत धरते. सिकलसेलच्या आजारात पेशी त्याआधीच फुटतात आणि आकडा खोटा कमी येतो. ज्याच्याकडे सिकलचं एकच जनुक आहे, ज्याला काही त्रास नाही, त्याच्यातही फरक पडतो: अमेरिकेतल्या २०१७ च्या अभ्यासात अशा कृष्णवर्णीयांचा आकडा त्याच साखरेला सुमारे ०.३ ने कमी आला. उलट, लोहाच्या कमतरतेने हाच आकडा खोटा वाढतो. विदर्भ आणि त्याला लागून असलेला मध्य प्रदेश हा देशातल्या सिकलसेलच्या मुख्य पट्ट्यांपैकी एक, आणि बायकांमध्ये पंडुरोग घरोघरी. एकाच बाईच्या रक्तात दोन्ही असू शकतात, मग ६.४ हा आकडा तिच्याबद्दल नेमकं काय सांगतो?

त्याहून पुढची गोष्ट सेनेगलमध्ये दिसली. डाकारच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की मधुमेह आणि सिकलचं एक जनुक एकत्र असलेल्या रुग्णांच्या वाहिन्या नुसत्या मधुमेहींपेक्षा अधिक ताठर आणि त्यांचं रक्त अधिक घट्ट असतं. म्हणजे आकडा कमी आणि नुकसान जास्त, असं उलटं गणित काही लोकांच्या वाट्याला येत असेल. या निष्कर्षाची पडताळणी करायला गोंड आणि विदर्भातल्या इतर समाजांची वस्ती असलेल्या या पट्ट्याइतक्या योग्य जागा भारतात फार थोड्या आहेत. १ जुलै २०२३ ला शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांखालच्या लोकांची सिकल तपासणी होऊन त्यांना कार्ड दिलं जातं. अर्धं काम सरकारच्या खर्चाने होतंच आहे.

मधुमेही वाहिन्यांचं एक भयानक रूप आपण २०२१ च्या मे महिन्यात पाहिलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराचे रुग्ण नागपूरला रांगेने येऊ लागले, कोणाचा डोळा काढावा लागला, कोणाचा जबडा. लॉस एंजेलिसच्या अश्रफ इब्राहिम यांच्या गटाने २०१० मध्येच दाखवलं होतं की ही बुरशी वाहिनीच्या अस्तरावरच्या जीआरपी-७८ या प्रथिनाला धरून आत शिरते आणि साखर व मोकळं लोह वाढलं की अस्तरावर ते प्रथिन वाढतं. त्या संकटात वर्ध्याच्या कारखान्यात अँफोटेरिसिन-बी हे बुरशीवरचं औषध तयार व्हायला लागलं आणि कित्येकांचे जीव वाचले. मूलभूत संशोधन आणि गावातला मृत्यू यांच्यामधलं अंतर किती कमी असतं, हे त्या महिन्याने दाखवलं.

पायाचं बोलायचं राहिलं. आपल्याकडचा मधुमेही पाय बहुधा मोठी धमनी बंद होऊन जात नाही, संवेदना जाऊन आणि जंतू शिरून जातो. बारीक वाहिन्या बिघडल्या की मज्जातंतूंना रक्त कमी पडतं, तळवा बधिर होतो. चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. पऱ्हाटीचं धसकट तळव्यात मोडतं, बाभळीचा काटा राहतो, आणि संध्याकाळी पाय धुताना घरचं कोणी पाहतं तेव्हा समजतं. तपासणी दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटची: नायलॉनचा एक धागा तळव्यावर टेकवायचा, तो वाकेपर्यंत दाबायचा, आणि डोळे मिटलेल्या माणसाला विचारायचं, लागतंय का? पायाला पाच मिनिटंही लागत नाहीत. हा धागा कुष्ठरोगाच्या कामातून आला. वेल्लोरचे पॉल ब्रँड यांनी दाखवलं की कुष्ठरोग्याची बोटं रोगाने सडत नाहीत, दुखणं कळत नसल्याने झिजतात. त्यांच्या परंपरेत मऊ एमसीआर रबराच्या चपला तयार झाल्या आणि हेच ज्ञान पुढे अमेरिकेत मधुमेही पायासाठी वापरलं गेलं. दत्तपूर आणि आनंदवन ही कुष्ठधामं उभी करणाऱ्या मुलखाला हे नवं नाही. राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात या चपला रुग्णांना मोफत मिळतात. त्याच चपला बधिर पायाच्या मधुमेही शेतकऱ्याला का मिळू नयेत, याचं पटणारं कारण मला सापडत नाही.

तंबाखूच्या खर्ऱ्याचाही उल्लेख करायला हवा. तंबाखूतलं निकोटिन वाहिन्या आवळतं, आणि या भागात खर्रा सकाळपासून गालात असतो. वाहिन्यांच्या अभ्यासात सिगारेटी मोजल्या जातात. खर्रा मोजणारी प्रश्नावली इथल्या संशोधकालाच तयार करावी लागेल.

२०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत, आणि खेड्यांतलं प्रमाण ८.९ टक्क्यांवर गेलं आहे. वाहिन्या बिघडायला दहा-पंधरा वर्षं लागतात. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. या विसंगतीमुळे तरुण संशोधक उंदरांकडे आणि पेशींकडे वळतात, कारण तिथे दोन वर्षांत निबंध होतो. याज्ञिकांसारखं तीस वर्षांचं काम एका पोस्टडॉकला झेपणार नाही. पण कार्डावरून सिकलचं जनुक असलेले आणि नसलेले, तीस ते चाळीस या वयोगटातले मधुमेही घेऊन प्रत्येकाची उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी, लाल पेशींच्या आयुष्यावर न अवलंबणारं ग्लायकेटेड अल्ब्युमिन, लघवीतलं अल्ब्युमिन, घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब, डोळ्याच्या पडद्याचा फोटो आणि धाग्याची तपासणी एकदा करणं दोन वर्षांत बसतं. आकडा आणि नुकसान यांची फारकत किती, हे तेवढ्यावर कळेल.

पुढचा पाठपुरावा नोंदींवर चालेल, आणि इथे ती राज्यसीमा आडवी येते. आशाताईने उपकेंद्रात भरलेला फॉर्म मध्य प्रदेशाच्या नोंदीत राहतो. डायलिसिसचा, लेझरचा, काढलेल्या बोटाचा कागद नागपूरच्या फायलीत. सुरुवात आणि परिणाम एकाच माणसाच्या नावावर एकत्र दिसत नाहीत. रुग्णाच्या संमतीने या नोंदी दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी एकमेकांना द्यायला हव्यात, आणि जिल्हा नवा आहे, कार्यालयं अजून बसत आहेत, तोवर ही पद्धत घालून घेणं सगळ्यांत सोपं आहे.